सुरत बंदर : माणसे, माल आणि चांदी यांची सागरपार ये-जा (इ.स. १५७३ ते १७५९)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शालेय व महाविद्यालयीन इतिहासात सुरतेचे नाव बहुधा एकाच संदर्भात येते. इ.स. १६६४ आणि १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या शहरावर केलेल्या दोन स्वाऱ्या, हा तो संदर्भ होय. सुरतेतून किती संपत्ती गेली याचे आकडे विद्यार्थ्यांना सांगितले जातात. मात्र ती संपत्ती तेथे आली कोठून, ती कोणाची होती आणि कोणत्या मार्गाने जमा झाली, हे प्रश्न वर्गात क्वचितच विचारले जातात. त्यामुळे सुरत ही एक भरलेली तिजोरी वाटते. प्रत्यक्षात ती तिजोरी नव्हती, तर एक मोठा दरवाजा होता. त्या दरवाजातून अरबस्थान, इराण, इराक, तुर्कस्तान, पूर्व आफ्रिका आणि पुढे युरोप या प्रदेशांशी माणसांची, मालाची आणि चांदीची ये-जा अखंड चालू होती.

इ.स. १५७३ मध्ये अकबर बादशहाने सुरतेचा किल्ला जिंकला आणि इ.स. १७५९ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. या सुमारे पावणेदोनशे वर्षांतील या ये-जाचे स्वरूप, तिच्यातील अडचणी आणि ती मंदावण्याची कारणे यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. यात्रा, व्यापार आणि चलन हे तीन विषय सामान्यतः वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. सुरतेच्या बाबतीत ते एकाच जहाजातून प्रवास करीत होते, हे येथे प्रामुख्याने दाखवावयाचे आहे.

बंदर आणि मोसम

सुरत हे तापी नदीच्या काठावरील शहर समुद्रापासून काही कोस आत आहे. नदीच्या मुखाशी गाळ असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकीत आणि तेथून माल लहान होड्यांतून किंवा गाड्यांतून शहरात येई. बंदर म्हणून ही जागा आदर्श नव्हती. तरीही सुरत वाढली, याचे कारण तिची पाठ आणि तिचे तोंड या दोन्ही दिशांत आहे. पाठीशी गुजरात, खानदेश, माळवा आणि आग्रा-दिल्लीपर्यंतचा संपन्न मुलूख होता. समोर अरबी समुद्र आणि त्यापलीकडे तांबडा समुद्र व इराणचे आखात होते.

समुद्रप्रवासाचे वेळापत्रक वारा ठरवीत असे. ‘मोसम’ हा मराठीत रुळलेला शब्द मूळचा अरबी आहे, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे साधारणतः पावसाळ्याआधी, मार्च महिन्याच्या सुमारास सुरत सोडीत. मोखा व जिद्दा येथील व्यवहार आटोपून ती ऑगस्टच्या सुमारास परत निघत आणि सप्टेंबरात सुरतेस पोहोचत. हजची तिथी मात्र चांद्र वर्षाप्रमाणे दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. त्यामुळे काही वर्षी जहाजांचा मोसम आणि हज यांचा चांगला मेळ बसे, तर काही वर्षी यात्रेकरूंना हिजाझमध्ये कित्येक महिने थांबावे लागे. हा मुक्काम वाया जात नसे. याच काळात कोणी मक्का-मदिनेतील विद्वानांकडे शिक्षण घेई, तर कोणी बरोबर आणलेले कापड विकून परतीच्या खर्चाची सोय करी.

हाजींचे शहर

सुरतेला ‘बाब-उल-मक्का’ म्हणजे मक्केचा दरवाजा म्हटले जाई. मोगल नाण्यांवर या टांकसाळीचा उल्लेख ‘बंदर-ए-मुबारक सूरत’ असाही आढळतो. मोगल काळात उत्तर हिंदुस्थानातून हजला जाण्यास दोन मार्ग होते. खुष्कीचा मार्ग इराणमधून जाई. पण मोगल आणि सफवी यांच्यातील वितुष्टामुळे तो नेहमी भरवशाचा नसे. म्हणून सुरतेचा जलमार्ग महत्त्वाचा ठरला.

या मार्गावरील सर्वांत प्रसिद्ध यात्रा अकबराची आत्या गुलबदन बेगम हिची होय. इ.स. १५७५ मध्ये राजघराण्यातील स्त्रियांसह ती फतेहपूर सिक्रीहून निघाली. सुरतेस पोहोचल्यावर पोर्तुगिजांकडून सुरक्षित प्रवासाची हमी मिळेपर्यंत या मंडळींना दीर्घकाळ खोळंबून राहावे लागले. पुढे १५७६ मध्ये जहाजे सुटली. गुलबदन बेगमने हिजाझमध्ये राहून चार वेळा हज केला. परतताना एडनजवळ जहाज फुटले आणि तेथे मोठा मुक्काम पडला. ती १५८२ मध्ये परत आली. बादशहाच्या आत्यालाही समुद्रावर जाण्यासाठी परक्या सत्तेची परवानगी लागली, ही बाब पुढील सर्व इतिहासाची सूचना देणारी आहे.

सुरतेचा दरवाजा केवळ हिंदुस्थानातील यात्रेकरूंसाठी नव्हता. मध्य आशियातील यात्रेकरूही काबूल-लाहोर मार्गाने येऊन येथून जहाजात बसत. इ.स. १६७० मध्ये काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्ला खान मक्केहून परतून सुरतेच्या एका सराईत उतरला होता, याची नोंद इतिहासात आहे. यात्रेकरूंच्या निवासासाठी शाहजहानच्या कारकिर्दीत, इ.स. १६४४ मध्ये, हकीकत खान या अधिकाऱ्याने एक भव्य सराई बांधली. ही ‘मुघल सराई’ आजही उभी आहे आणि एकोणिसाव्या शतकापासून तिच्यात सुरत नगरपालिकेचा, म्हणजे आताच्या महानगरपालिकेचा कारभार चालत आला आहे.

राजघराण्यातील स्त्रियांचा या वाहतुकीत असलेला वाटाही लक्षात घेण्यासारखा आहे. जहांगीरची आई मरियम-उज-जमानी हिचे ‘रहिमी’ हे प्रचंड जहाज तांबड्या समुद्रात ये-जा करीत असे. शाहजहानची कन्या जहांआरा बेगम हिला सुरत बंदराचे उत्पन्न मिळाले होते. तिच्या ‘साहिबी’ जहाजातून यात्रेकरू, व्यापारी माल आणि मक्केतील गोरगरिबांसाठी तांदूळ पाठवला जाई. औरंगजेबाची कन्या जेब-उन-निसा हिच्या आश्रयाने सफी बिन वली कझविनी याने १६७६-७७ च्या सुमारास हजची यात्रा केली आणि ‘अनीस-उल-हुज्जाज’ हा फारसी ग्रंथ लिहिला. जहाजावर काय खावे, बरोबर कोणती शिधासामग्री घ्यावी, बंदरांत कसे वागावे, असे व्यावहारिक मार्गदर्शन त्यात आहे. धार्मिक प्रवासामागे केवढी मोठी व्यवस्था उभी होती, याची कल्पना या ग्रंथावरून येते.

ज्ञानाची देवघेवही याच मार्गाने झाली. हद्रमौतमधील अयदरूस घराण्यातील सय्यद सुरतेत स्थायिक झाले आणि त्यांचा दर्गा व मशीद शहराच्या धार्मिक जीवनाचे एक केंद्र बनले. दिल्लीचे शाह वलीउल्लाह यांनी १७३० नंतरच्या दोन वर्षांत हिजाझमध्ये राहून मदिनेतील अबू ताहिर अल्-कुर्दी यांच्याकडे हदीसचे अध्ययन केले. परतल्यावर त्यांनी दिल्लीत जी अध्यापनपरंपरा उभी केली, तिचा प्रभाव नंतरच्या मदरशांवर दीर्घकाळ राहिला. अर्थात या ये-जात सर्वच माणसे स्वेच्छेने आली नव्हती. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले हबशी लोकही याच समुद्रमार्गांनी पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यांच्यापैकी काहींनी पुढे लष्करी सत्ता मिळवली. बहुसंख्यांच्या वाट्याला मात्र सेवा आणि अनामिकता आली.

चांदीचा प्रवास

यात्रेची जहाजे रिकामी जात नसत. शाहजहानच्या काळात मक्केला पाठवावयाच्या दानाची रक्कम पुष्कळदा गुजरातेतील कापडाच्या रूपाने जाई. ते कापड हिजाझमध्ये नफ्याने विकले जाई आणि आलेले पैसे गरजूंना वाटले जात. सामान्य यात्रेकरूही आपल्या ऐपतीप्रमाणे हाच मार्ग चोखाळीत. हज हा धर्मविधी होता आणि हजच्या वेळचा बाजार ही एक मोठी आंतरराष्ट्रीय पेठ होती. यात कोणाला विसंगती वाटत नसे.

सुरतेहून जाणाऱ्या मालात गुजरात आणि बुऱ्हाणपूर येथील सुती कापड, सरखेज व बयाना येथील नीळ हे मुख्य जिन्नस असत. येणाऱ्या मालात बसऱ्याचे घोडे व खजूर, आखातातील मोती, इराणचा गुलाब व सुका मेवा, मोख्याची कॉफी, तांबे आणि मसाल्याचे पदार्थ असत. परंतु या आयातीची किंमत निर्यातीपेक्षा कमी पडे. उरलेला फरक सोन्या-चांदीने भरून निघे. हिंदुस्थानला बाहेरच्या मालाची गरज थोडी आणि बाहेरच्यांना येथील कापडाची गरज मोठी, हे त्यामागील साधे कारण होते.

ही चांदी मुळात फार दुरून येई. मेक्सिको आणि पेरू येथील खाणींतील चांदी स्पेनमध्ये, तेथून भूमध्य समुद्राच्या काठाने तुर्की साम्राज्यात आणि पुढे कैरो-जिद्दा-मोखा या मार्गाने अरबी समुद्रात पोहोचे. मोख्याच्या कॉफीसाठी तुर्की व्यापारी चांदी आणीत आणि तीच चांदी सुरतेच्या कापडासाठी पुढे जाई. इराणमार्गे येणारा एक प्रवाह होता आणि युरोपीय कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून आणीत असलेला तिसरा. इ.स. १६५९ ते १६६७ च्या दरम्यान हिंदुस्थानात राहिलेल्या फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच प्रवाशाने, जगभर फिरलेले सोने-चांदी अखेर हिंदुस्थानात येऊन मुरते, असे मत नोंदवले आहे.

बाहेरचे नाणे मोगल राज्यात चलन म्हणून चालत नसे. ते वितळवून त्याचे रुपये पाडून घ्यावे लागत. टांकसाळ सर्वांना खुली होती. कोणीही चांदी आणून ठराविक आकार भरून रुपये पाडून घेऊ शकत असे. या रुपयाचे वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम होते आणि त्याच्या शुद्धतेबद्दल व्यापाऱ्यांत विश्वास होता. टांकसाळीत गर्दी असली की सराफ मध्ये पडत. ते विदेशी नाणी कसरीने विकत घेऊन तयार रुपये देत. सुरतेचे सराफ आग्रा, अहमदाबाद, बुऱ्हाणपूर अशा ठिकाणांवर हुंड्या लिहीत. त्यामुळे रोकड न हलवता रक्कम शेकडो मैल हलत असे. जहाज परतण्याआधीच माल खरेदी करण्यास लागणारे कर्जही हेच लोक पुरवीत. जैन व्यापारी वीरजी व्होरा याच्याकडून इंग्रज कंपनीने वारंवार कर्जे घेतली. कंपनीचे भांडवल विलायतेतून येई, हा समज यामुळे बराच तपासून घ्यावा लागतो.

या व्यापारात धर्म आणि जात यांच्या भिंती नव्हत्या असे म्हणता येणार नाही. औरंगजेबाने १६६५ मध्ये मुसलमान व्यापाऱ्यांसाठी अडीच टक्के आणि हिंदू व्यापाऱ्यांसाठी पाच टक्के अशी जकात ठरवली. १६६७ मध्ये मुसलमानांची जकात माफ केली. मात्र हिंदूंचा माल मुसलमानांच्या नावावर जाऊ लागल्याचे आढळल्याने पुढे ती पुन्हा सुरू करावी लागली. हुकूम भेदाचा होता, पण बाजार भागीदारीचा होता. मुसलमान जहाजमालक, बनिया दलाल, पारशी मध्यस्थ, आर्मेनियन व तुर्क व्यापारी आणि जहाजावरचा नाखुदा यांचे हितसंबंध एकमेकांत इतके गुंतलेले होते की, हुकुमाला वाट काढून देणे सर्वांच्याच सोयीचे होते.

खानदेशची वाट

मराठी वाचकाच्या दृष्टीने सुरतेची आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या दोन प्रमुख मार्गांपैकी एक अहमदाबादवरून आणि दुसरा बुऱ्हाणपूरवरून जाई. हा दुसरा मार्ग बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा या गावांवरून तापीच्या खोऱ्यातून जात असे. आजच्या नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील ही गावे त्या काळी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वाटेवरची मुक्कामाची ठिकाणे होती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने नवापुरात विणकरांची मोठी वस्ती असल्याचे आणि तेथील सुवासिक तांदळाचा व्यापार विशेष असल्याचे लिहिले आहे.

या मार्गावरील अवजड वाहतूक प्रामुख्याने बंजाऱ्यांच्या हाती होती. १६३० नंतरच्या भीषण दुष्काळाच्या काळात या वाटेने गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. मोख्याच्या पेठेत विकले जाणारे कापड बुऱ्हाणपूरच्या मागावर विणले जाई, बैलांच्या पाठीवरून खानदेश ओलांडी आणि सुरतेस जहाजात चढे. सुरतेतील संपत्तीच्या मुळाशी खानदेशातील कष्टकऱ्यांचा घामही होता, ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी.

समुद्रावर सत्ता कोणाची?

मोगल साम्राज्य जमिनीवर बलाढ्य होते, पण समुद्रावर त्याची हुकमत नव्हती. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात परवाना पद्धत सुरू केली होती. ‘कार्ताझ’ नावाचा हा परवाना नसलेले जहाज ते पकडीत. सुरत व तापीपलीकडील रांदेर या गावांवर त्यांनी १५३० मध्ये हल्ला करून जाळपोळ केली होती. त्यानंतर गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या काळात खुदावंद खानाने नदीकाठी भक्कम किल्ला बांधला. पण किल्ला शहराचे रक्षण करी, जहाजाचे नव्हे.

इ.स. १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी ‘रहिमी’ जहाज परवाना असतानाही पकडले. जहांगीरने दमणला वेढा घालण्याचा हुकूम दिला आणि आग्र्यातील जेझुइटांचे चर्च बंद केले. जहाज मात्र परत मिळाले नाही. याच सुमारास इंग्रज सुरतेत पाय रोवत होते. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज येथे आले. १६१२ च्या अखेरीस सुवाळीजवळ टॉमस बेस्टने पोर्तुगीज आरमाराचा मुकाबला केला आणि त्यानंतर इंग्रजांच्या वखारीस मान्यता मिळाली. पाठोपाठ डच व १६६८ मध्ये फ्रेंच आले. मोगल दरबाराने एका दर्यावर्दी सत्तेला दुसरीने शह देण्याचे धोरण स्वीकारले. स्वतःचे आरमार उभारण्यापेक्षा हे स्वस्त होते. परंतु त्याची किंमत पुढे फार मोठी पडली.

१६६४ आणि १६७० : संरक्षणाचा प्रश्न

सुरतेवरील स्वाऱ्यांकडे या पार्श्वभूमीवर पाहिल्यास काही वेगळ्या गोष्टी दिसतात. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज सुरतेजवळ पोहोचले आणि पुढील चार दिवस शहर त्यांच्या ताब्यात होते. सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला. शिपायांच्या पगाराची रक्कम तो घेत होता, पण प्रत्यक्ष शिपाई ठेवले नव्हते, असे जदुनाथ सरकार यांनी दाखवले आहे. शहराला त्या वेळी नीट तटबंदीही नव्हती. इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी सांभाळल्या. सामान्य रयत मात्र उघडी पडली.

ज्यांची घरे लुटली गेली त्यांत वीरजी व्होरा आणि हाजी सैद बेग हे दोन मोठे धनिक होते. एक जैन आणि एक मुसलमान. दुसरीकडे कॅपुचिन पाद्री ॲम्ब्रोझ यांच्या मठाला आणि डचांच्या एका दानशूर मृत दलालाच्या घराला धक्का लावण्यात आला नाही, असे बर्निए नोंदवतो. म्हणजेच ही मोहीम मोगल सत्तेच्या आर्थिक केंद्रावर होती. तिला धार्मिक संघर्षाच्या चौकटीत बसवण्याचे प्रयत्न समकालीन साधनांशी जुळत नाहीत. त्याच वेळी, लुटल्या गेलेल्या माणसांच्या दृष्टीने ती आपत्ती होती, हेही नाकारण्याचे कारण नाही. त्या दिवसांत ॲबिसिनियाचा वकील खोजा मुराद हा आर्मेनियन गृहस्थही सुरतेत अडकला होता. या एका नावावरून शहराचा पसारा केवढा होता हे कळते. १६७० च्या ऑक्टोबरातील दुसऱ्या स्वारीत काशगरच्या अब्दुल्ला खानाची मालमत्ता गेली.

औरंगजेबाने पहिल्या स्वारीनंतर व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली आणि शहराभोवती पक्का तट बांधला गेला. पुढे समुद्रावरील संरक्षणासाठी जंजिऱ्याच्या सिद्दींना सुरतेच्या महसुलातून नेमणूक देण्यात आली. दुसरीकडे, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार उभारले होते आणि कोकणातील बंदरांतून त्यांची व्यापारी जहाजेही मोखा व इराणच्या आखाताकडे जात असल्याचे इंग्रजांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. ज्या सागरी व्यापाराने सुरत श्रीमंत झाली त्याचे महत्त्व त्यांनी पुरेपूर ओळखले होते. समुद्रावर स्वतःचे बळ असावे, ही जाणीव या बाबतीत दिल्लीपेक्षा रायगडावर अधिक होती.

‘गंज-ए-सवाई’ आणि त्यानंतर

सुरतेच्या इतिहासातील निर्णायक घटना मात्र समुद्रावर घडली. सप्टेंबर १६९५ मध्ये बादशहाच्या मालकीचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हाजी आणि व्यापाऱ्यांसह परत येत होते. इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने आधी मुल्ला अब्दुल गफूर या व्यापाऱ्याचे ‘फत्ते मुहम्मदी’ आणि नंतर हे जहाज गाठले. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर असलेला इतिहासकार खाफी खान याने जहाजावर ५२ लाख रुपयांचे सोने-चांदी असल्याचे लिहिले आहे. कंपनीने हा आकडा फुगवलेला मानला. परंतु लुटीपेक्षाही यात्रेकरूंवर, विशेषतः स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांनी सुरतेत संताप उसळला. जमावापासून वाचवण्यासाठी आणि जामीन म्हणून इंग्रज वखारीतील लोकांना कैदेत ठेवण्यात आले; ते कित्येक महिने सुटले नाहीत.

पुढील दोन-तीन वर्षांत अशा घटना चालूच राहिल्या. तेव्हा मोगल अधिकाऱ्यांनी युरोपीय कंपन्यांकडून मुचलके लिहून घेतले. त्यानुसार तांबड्या समुद्राचा मार्ग डचांनी, इराणचे आखात फ्रेंचांनी आणि दक्षिणेकडील समुद्र इंग्रजांनी राखावयाचा होता. चोरांच्या जातभाईंनाच पहारेकरी नेमण्याचा हा प्रकार होता. त्यातून तात्पुरता दिलासा मिळाला. पण हाजींच्या सुरक्षिततेची जबाबदारी औपचारिकरीत्या परक्यांच्या हाती गेली.

तरीही सुरतेचे व्यापारी लगेच खचले नाहीत. बोहरा समाजातील मुल्ला अब्दुल गफूर १७१८ मध्ये वारला तेव्हा त्याच्या मालकीची सुमारे सतरा-अठरा जहाजे होती. एकट्याचा व्यापार इंग्रज कंपनीच्या तोडीचा, असे अलेक्झांडर हॅमिल्टन या समकालीन कप्तानाने त्याच्याविषयी म्हटले आहे. भांडवल, जहाजे, कसबी नाखुदे आणि बाजारपेठेची जाण हे सर्व त्याच्याजवळ होते. नव्हते ते पाठीशी उभे राहणारे राज्य.

ऱ्हास आणि त्याची कारणे

सुरतेच्या ऱ्हासाचा सर्वांत साक्षेपी अभ्यास अशीन दासगुप्ता यांनी ‘इंडियन मर्चंट्स अँड द डिक्लाइन ऑफ सुरत’ या १९७९ मधील ग्रंथात केला आहे. डच कागदपत्रांच्या आधारे त्यांनी दाखवले की, १७०१ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांची ११२ जहाजे होती. १७५० पर्यंत ती सुमारे वीसवर आली. १६९९ च्या सुमारास सुमारे एक कोटी साठ लाख रुपयांची असलेली वार्षिक उलाढाल १७४० पर्यंत तीस लाखांच्या आसपास आली. याचे कारण युरोपीय स्पर्धेपेक्षा राजकीय अस्थिरतेत त्यांना दिसले. औरंगजेबानंतर मोगल सत्ता विस्कटली, १७२२ मध्ये इराणची सफवी सत्ता अफगाणांपुढे कोसळली आणि येमेनमधील अंतर्गत यादवीने मोख्याचा बाजार बिघडवला. या व्यापाराची दोन्ही टोके एकाच वेळी ढासळली.

सुरतेच्या पाठीमागचा मुलूखही असुरक्षित झाला. मराठा सरदारांनी गुजरातेत चौथाई बसवली; १७१९ नंतर पिलाजी गायकवाड यांनी सोनगड येथे ठाणे केले. खानदेशची जुनी वाट त्यांच्या नजरेखाली आली. शहरातील अधिकाऱ्यांचे हुकमी उत्पन्न आटल्यावर त्यांनी व्यापाऱ्यांनाच पिळण्यास सुरुवात केली. अब्दुल गफूरचा वारस मुहम्मद अली याने अठवा येथे स्वतःचा धक्का बांधून प्रतिकार केला. त्याला १७३३ मध्ये कैदेत मृत्यू आला. तुर्की वंशाचा व्यापारी अहमद चलबी १७३६ मध्ये मारला गेला. ज्यांनी बंदर उभे केले त्यांनाच बंदराच्या कारभाऱ्यांनी संपवले.

दासगुप्तांच्या या मांडणीवर मतभेदही झाले आहेत. मायकेलगुलिएल्मो तोरी यांच्या मते ऱ्हास इतका पूर्ण नव्हता. लक्ष्मी सुब्रमण्यम यांनी दाखवले की, जहाजमालक मागे पडले तरी सराफ टिकले आणि त्यांच्या हुंड्यांवरच इंग्रज सत्तेचा पश्चिमेकडील विस्तार पोसला गेला. या चर्चेतून एक गोष्ट स्पष्ट होते. ये-जा पूर्णपणे थांबली नाही; ती दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलवले होते. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजबांधणीतील कसबी कारागीर सुरतेहून मुंबईस आले. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला आणि मोगल आरमाराचे अधिकारपद मिळवले. १८०० मध्ये नवाबाला नेमणूक देऊन त्यांनी शहराचा कारभारही घेतला.

नंतरची ये-जा

बंदर मंदावले तरी सुरत परिसरातील माणसांनी समुद्राकडे पाठ फिरवली नाही. एकोणिसाव्या शतकात रांदेर व आसपासच्या गावांतील सुन्नी व्होरा व्यापारी ब्रह्मदेश, मॉरिशस, रियुनियन आणि दक्षिण आफ्रिकेत गेले. रंगूनमधील सुरती बाजार आणि सुरती मशीद ही नावे त्याची साक्ष देतात. त्यांनी मिळवलेल्या पैशातून मायदेशी शाळा, मशिदी व दवाखाने उभे राहिले. दाऊदी बोहरा समाजाची ‘अल्-जामिया-तुस्-सैफिया’ ही विद्यापीठही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरतेतच स्थापन झाली. हाजींची वाहतूक आगबोटींच्या काळात मुंबईकडे गेली आणि तेथून जलमार्गाने होणारा हजचा प्रवास १९९५ पर्यंत चालला.

खानदेशची जुनी वाटही संपली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वे जवळजवळ त्याच मार्गाने धावू लागली. पूर्वी कापड या वाटेने सुरतेस जात असे. आज यंत्रमागावर काम करणारी माणसे जातात. उधना, लिंबायत या भागांत खानदेशी कामगारांची मोठी वस्ती आहे आणि सुरत महानगरपालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी व उर्दू माध्यमाचेही वर्ग आहेत. त्या शाळांचा कारभार ज्या महानगरपालिकेकडे आहे, तिचे कार्यालय काशगर आणि दिल्लीच्या हाजींसाठी बांधलेल्या सराईत असावे, हा केवळ योगायोग असला तरी बोधक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, सुरतेची संपत्ती एका राजाची किंवा एका समाजाची नव्हती. ती विणकर, बंजारा, सराफ, दलाल, नाखुदा आणि यात्रेकरू यांच्या परस्परावलंबी हालचालीतून निर्माण झाली. दुसरा असा की, यात्रा, व्यापार आणि चलन यांची फारकत केल्यास यांपैकी एकाचेही आकलन पूर्ण होत नाही. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष राज्यसंस्थेविषयी आहे. जकात घेणारे राज्य संरक्षण देऊ शकले नाही. किल्ल्यात दडलेला सुभेदार आणि चाचांपुढे हतबल झालेले साम्राज्य ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे होत.

महाविद्यालयीन अध्यापकांना या विषयाचा वर्गात चांगला उपयोग करता येईल. १६६४ चा प्रसंग शिकवताना प्रथम एक नकाशा फळ्यावर काढावा आणि त्यावर बुऱ्हाणपूर, नंदुरबार, सुरत, मोखा, जिद्दा, बसरा व कैरो ही ठिकाणे दाखवावीत. बाळकृष्ण गोविंद गोखले यांचा सतराव्या शतकातील सुरतेवरील ग्रंथ त्यासाठी मार्गदर्शक ठरेल. सुरत कोणी लुटली या प्रश्नापूर्वी सुरत कोणी घडवली हा प्रश्न विचारला गेला, तर मराठा इतिहासाचे तेज कमी होणार नाही आणि मुसलमान विद्यार्थ्याला त्या इतिहासात आपण केवळ पराभूतांच्या बाजूला उभे आहोत असेही वाटणार नाही. त्या नकाशावर त्याचे पूर्वज, तसेच त्याच्या बाकावर बसलेल्या इतर विद्यार्थ्यांचे पूर्वज, एकाच तांड्यातून आणि एकाच जहाजातून प्रवास करताना दिसतील.